झाँकरचं शेपूट वाकडं ते वाकडंच

मागच्या वेळी म्हणालो होतो की पांढरा झाँकर (सशाच्या कातड्याची पट्टी बांधलेली, छोट्या माशासारखी दिसणारी फ्लाय, म्हणजे हुकावर बांधलेलं नकली आमिष) बंद, आता हिरव्या पाठीचा क्लाउझर (केसांची, जड डोळ्यांची फ्लाय). रद्द. दोष रंगाचा नव्हताच.

तीन शनिवार ओहायोतल्या रॉकी रिव्हर नदीवर, एरी तलावाकडच्या शेवटच्या दोन डोहांत, एकच प्रकार. टक्, लाइन क्षणभर ताणली, खलास. नोव्हेंबरात एरी तलावातले एमरल्ड शायनर नावाचे छोटे चंदेरी मासे थव्याथव्यानं बंदरात आणि नदीच्या तोंडाशी येतात. तलावातून नुकता चढलेला स्टीलहेड (तलावात वाढून नदीत येणारा रेनबो ट्राउट) तसलं तीन इंची चंदेरी काही दिसलं की सोडत नाही. मग माझ्याच फ्लायला तो फक्त चिमटा का काढतोय? पांढरा, करडा, ऑलिव्ह, फ्लॅशबू (चमचमते धागे) जास्त, फ्लॅशबू कमी, सगळं झालं.

शेवटी मंगळवारी रात्री बाथटब भरला. (घरच्यांनी विचारणं केव्हाच सोडलंय.) व्हाइसवर (फ्लाय बांधायच्या शिकंज्यावर) ऐटीत दिसणारी फ्लाय काठावरून तीन-चारदा आपटली, मग झटके देत ओढली. सशाच्या कातड्याची पट्टी भिजून चामट झाली होती. ती हुकाच्या वाकाभोवती गुंडाळली गेली आणि फ्लाय कुशीवर पडून भोवऱ्यासारखी फिरायला लागली. म्हणजे निम्म्या वेळा मी गाठोडंच फेकत होतो. उरलेल्या वेळी मासा शेपूट धरायचा आणि हुक दोन इंच पुढे!

वाकापाशी मोनोचा (नायलॉनच्या दोऱ्याचा) फास बांधून पाहिला. गुंडाळणं कमी झालं, चिमटे तेवढेच. शेपूट छाटलं, तर फ्लाय पाण्यात खिळ्यासारखी सरळ. मग पुढच्या हुकाचं टोक पक्कडीनं तोडलं, ३० पौंडी ब्रेडचा (विणलेल्या दोऱ्याचा) फास मागे काढला, त्यात ४ नंबरचा आखूड हुक टोक वर करून अडकवला आणि पट्टीचं टोक त्यात टोचलं. पट्टी ताणून बांधू नका, मागचा हुक वर खेचला जातो. किंचित झोळ हवाच. टोक वर असल्यानं तळाच्या शेल खडकातही कमी अडकतो.

आणि पट्ट्या विकत घेताना कातडीची बाजू बघा. मी एका ऑनलाइन दुकानातून मागवलेल्या पाकिटात निम्म्या पट्ट्यांचे केस कापले गेलेले, कडेला टक्कल. आता अखंड कातडं घेऊन मागून ब्लेडनं स्वतःच कापतो.

शनिवारी सकाळी सव्वाआठला, स्विंगच्या (प्रवाहात फ्लाय आडवी वाहू देण्याच्या) अगदी शेवटी, लाइन सरळ होताना, टक् नाही, थेट ओढ! २६ इंची मादी, चांदीसारखी, खवले हाताला चिकटत होते. मागचा हुक जबड्याच्या कोपऱ्यात चपखल. गावाला खाडीत गरवताना पहिली पालू लागली होती, तेव्हा असेच हात थरथरले होते. फोटो हललाय, सोडून दिली.

हे लिहितानाच सुचतंय, पट्टी हवीच कशाला? ट्यूबवर (हुकाऐवजी पोकळ नळीवर) आर्क्टिक फॉक्स, म्हणजे कोल्ह्याचे मऊ केस, बांधला तर गुंडाळायला कातडंच उरत नाही. म्हणजे क्लाउझर पुन्हा लांबणीवर. ट्यूबवर कोनहेड (शंकूच्या आकाराचं धातूचं डोकं) घालू की साधीच ठेवू? शुक्रवारच्या आत सांगा, त्या रात्री बांधायला बसतोय.