आज माझा फॉर्म मीच भरला

बुधवार, रात्री साडेदहा

मी गावची आशा, म्हणजे आरोग्य स्वयंसेविका. वरच्या वाडीत आज एका नवजात बाळाच्या चौदाव्या दिवसाची भेट होती. पाणंदीत चिखल इतका की चपला हातात घेऊनच चढले. बाळ छान आहे. झोळीत घालून वजन केलं, २ किलो ८०० ग्रॅम भरलं. काखेत थर्मामीटर लावला, मग दुपटं बाजूला करून श्वास मोजले, पूर्ण एक मिनिट. ६० किंवा त्याहून जास्त भरले तर बाळाला लगेच दवाखान्यात न्यायचं असतं, म्हणून तेवढं मिनिट मी कुणाशी बोलत नाही. ४४ भरले. बरं वाटलं.

उठायला लागले तर चुलीपाशी बसलेली पणजी म्हणाली, "आशाताई, पाय बग तुजं. सुजल्यात."

"चालून आलेय ना आजी," म्हणाले आणि निघाले. उतरताना मात्र तेच डोक्यात. एखाद्या गरोदर बाईचे पाय असे दिसले असते तर मी तिला उभ्या उभ्या उपकेंद्रात नेऊन बीपी बघायला लावलं असतं.

घरी येऊन भाकऱ्या केल्या, सगळ्यांची जेवणं झाली, आणि राहिलेले सीबॅकचे, म्हणजे बीपी-साखरेसारख्या आजारांचा धोका ओळखायचे फॉर्म घेऊन बसले. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा हा फॉर्म भरायचा असतो. माझ्या हजारभर लोकांच्या गावात मी तो दारोदार जाऊन भरलाय. सासूबाईंचा भरला, ह्यांचा भरला. माझ्या नावाचा शोधला तर नव्हताच. मग एक कोरा घेतला.

वय ४३, त्याचे २ गुण. तंबाखू नाही, दारू नाही, शून्य. टेप कमरेला लावली, ८६ सेंटिमीटर. बायकांना ८० च्या वर गेलं की १. चालणं भरपूर, तिथे शून्य. आईला साखर होती, त्याचे २. बेरीज ५. चारच्या वर गेलं की त्या माणसाला तपासणीला आधी पाठवायचं, हे मी शेकडो जणांना सांगितलंय.

पुढचे दोन प्रश्न मनाचे. गेल्या दोन आठवड्यांत काही करण्यात रस वाटेनासा झाला का? उदास, निराश वाटलं का? अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. हे प्रश्न मी उंबऱ्यात उभी राहूनच विचारत आले. समोरची बाई "न्हाय गं" म्हणते, मी शून्य लिहिते आणि पान उलटते. आज पेन तिथेच थांबलं. आषाढापासून मला रेडिओ लावावासा वाटलेला नाही. मैत्रिणीचे फोन येतात, उचलायचा कंटाळा येतो. पहाटे चारला जाग येते ती कुणाची नोंद राहिली, कुणाची लस चुकली ह्यानेच. पहिल्यात २ लिहिले, दुसऱ्यात १. खरं तेच लिहिलं.

'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' चालू होतं तेव्हा, २०२० मध्ये, घराघरात जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजायचे. रात्री घरातल्यांना काही व्हायला नको म्हणून पडवीत निजायचे. तेव्हाही कुणी विचारलं की "बरी आहे" म्हणायचे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरव केला, तेव्हा खरंच डोळे भरून आले होते. तो आनंद अजून आहे. पण आम्ही कागदावर स्वयंसेविका. मोबदल्याचा काही भाग कामावर मिळतो. बाळाच्या ४२ दिवसांतल्या सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की २५० रुपये. आजारी पडले आणि भेट चुकली तर तेही नाहीत, आणि भरपगारी रजा हा शब्द आमच्या वाट्याचा नाही. म्हणून आम्ही बऱ्याच असतो. आमच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताईही बऱ्या असतात. बैठकीत एकमेकींना विचारतो, "बरी आहेस ना?" त्या प्रश्नात उत्तर आधीच घातलेलं असतं. दुसरं काही सांगायला जागा कुठे राहते?

उपकेंद्रातल्या सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी मॅडमना आत्ताच मेसेज टाकला: उद्या सकाळी उपाशीपोटी येते, माझं बीपी आणि साखर बघा, आणि फॉर्मही बघा. ह्यांना सांगितलं की सकाळचा चहा तुम्ही करा. ते काही न बोलता पातेलं घासायला घेऊन गेले.

गठ्ठा बांधताना खालच्या आळीतल्या एका बाईचा फॉर्म वर आला. मुलगा गेल्यापासून ती अंगणाच्या बाहेर येत नाही. दोन्ही प्रश्नांपुढे माझ्याच अक्षरात शून्य. तो फॉर्म वेगळा काढून पिशवीत ठेवलाय. दुपारी तिच्याकडे जाईन आणि आधी खाली बसेन.