‘तसा तो फार समजूतदार आहे हो’

विशेष मुलाच्या भावंडाला कसं जपायचं, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. विशेष मुलांच्या पालकसभेत माझं बोलणं संपलं, की दाराशी कुणीतरी आई थांबलेली असते. प्रश्न ठरलेला: "आमच्या दुसऱ्या मुलाच्या मनावर परिणाम होऊ नये म्हणून काय करायचं?" मी उत्तर द्यायच्या आत तीच पुढे म्हणते, "तसा तो फार समजूतदार आहे हो. कसला हट्ट नाही, काही मागणं नाही."

हे ऐकलं की मला त्या मुलाची काळजी वाटायला लागते. मी तशीच होते.

दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे शरीराच्या हालचालींवर नीट ताबा राहत नाही. चालताना पाय ओढले जातात, बोलणं घरच्यांनाच कळतं, लहानपणी फिट यायच्या. मी पहिलीत गेले आणि घरातलं मोठं मूल झाले. आई त्याला सांगलीहून मिरजेला व्यायामासाठी न्यायची, आठवड्यातून तीनदा; तेवढा वेळ मी शेजारच्या काकूंकडे. दादानं चमचा न सांडता तोंडापर्यंत नेला की घरात सगळे टाळ्या वाजवायचे. त्या टाळ्या मलाही हव्या असायच्या, आणि हव्याशा वाटतात म्हणून स्वतःचीच लाज वाटायची.

पाच वर्षांची असताना मी त्याच्या हातातला चेंडू हिसकावून घेतला. त्याच रात्री त्याला फिट आली. मोठ्यांची धावपळ उडाली, मला दुसऱ्या खोलीत नेऊन कुणीतरी दार ओढून घेतलं. फिट माझ्यामुळेच आली हे मी मनाशी धरलं, ते चौथीपर्यंत. त्यानंतर मी दादाशी भांडलेच नाही. नातेवाईक कौतुकानं म्हणायचे, "बघा, भावाला किती जीव लावते!"

कुणी मला जवळ बसवून एवढंच सांगायला हवं होतं: दादाच्या मेंदूला जन्माच्या वेळी इजा झाली, फिट त्यामुळे येते, तुझ्या रागामुळे नाही, आणि हा आजार तुला त्याच्यापासून लागणार नाही. म्हणून आधी सांगा. मूल विचारत नाही याचा अर्थ त्याला प्रश्न पडले नाहीत असा नसतो. चार वर्षांच्या मुलाला चार वर्षांच्या भाषेत सांगा, बाराव्या वर्षी पुन्हा सांगा. तोवर त्याचे प्रश्न बदललेले असतात.

सहावीत वर्गातल्या एका मुलानं दादाच्या चालण्याची नक्कल केली. सगळे हसले. मीही हसले. हे मी आईला सांगितलं तेव्हा माझं वय एकतीस होतं. आई बराच वेळ पोळ्या लाटत राहिली. मग म्हणाली, "मलाही लग्नकार्यात त्याला न्यायची लाज वाटायची गं. मग रात्रभर झोप यायची नाही." इतकी वर्षं आम्ही दोघी एकाच घरात एकच ओझं वाहत होतो, एकमेकींना चुकवून.

तुमच्या मुलाला राग येईल, लाज वाटेल, ‘हा नसता तर’ असंही मनात येईल. ते त्याच्या तोंडून बाहेर पडलं तर "असं बोलू नये" म्हणू नका. "हो, वैताग येतो खरा, मलाही येतो" एवढं म्हणा. प्रेम कुठे जात नाही. आणि विशेष भावंडानं त्याला चावलं, मारलं, त्याची वही फाडली, तर "त्याला कळत नाही, तूच समजून घे" हे वाक्य घरातून हद्दपार करा. ज्याला लागलंय त्याला आधी जवळ घ्या. वही फाटली तर नवी आणून द्या, आणि त्याचं दप्तर ठेवायला कुलपाचं एक कपाट तरी असू द्या. आपल्याच घरात त्याला सुरक्षित वाटायला हवं.

वेळ कुठून आणायचा, असंही विचारता. माझ्या बाबांकडेही नव्हता. पण रविवारी सकाळी ते मला एकटीला स्कूटरवरून कृष्णेच्या घाटावर न्यायचे. पुडीतलं भडंग खात आम्ही आयर्विन पुलावरून जाणाऱ्या गाड्या मोजायचो. अर्धा तास, फार तर पाऊण. त्या वेळात ते दादाबद्दल बोलत नसत, माझ्या मार्कांबद्दलही नाही. माझ्या बालपणाला त्या अर्ध्या तासानं केवढा आधार दिला, हे मला मुलं झाल्यावर उमगलं.

आता जे बोलायचं सगळेच टाळतात ते. "तुमच्यानंतर कोण?" पाहुणे माझ्याकडे बोट करायचे: "ही आहे की!" तेव्हा मी नऊ वर्षांची होते. बाबांनी मात्र मी नोकरीला लागल्यावर एक फाइल माझ्यासमोर ठेवली. त्यात दादाचं दिव्यांग प्रमाणपत्र, औषधांची यादी, बँकेची कागदपत्रं होती. 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली दादासारखी व्यक्ती अठरा वर्षांची झाल्यावर तिच्या कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो. तो अर्जही होता. बाबा म्हणाले, "आमची सोय ही अशी आहे. यात तुला काय जमेल ते तू सांग. नाही म्हणालीस तरी आम्ही दुसरी वाट शोधू." मी हो म्हटलं. नाही म्हणायची मोकळीक मिळाली म्हणून मला ते मनापासून म्हणता आलं. मुलगी असेल तर हे तिच्या लग्नाची बोलणी सुरू व्हायच्या आधी बोला.

ज्याला सारखं पोट दुखतं, झोप लागत नाही, जो एका मार्कासाठी रडतो किंवा एकदम गप्प होतो, त्याला समुपदेशकाकडे न्या. भावाच्या डॉक्टरांकडे जाता जाता नको, खास त्याच्यासाठी जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर रात्री-बेरात्रीही मोफत बोलता येतं.

आणि त्याला त्याच्यासारखी मुलं भेटू द्या. अमेरिकेत सिएटलला डॉन मेयर यांनी 1982 साली अशा भावंडांसाठी ‘सिबशॉप’ नावाचे मेळावे सुरू केले. खेळता खेळता बोलायचं, अशी त्यांची पद्धत. ते वाचून मी दर महिन्याला एका शनिवारी पाच-सहा मुलांना घरी बोलवायला लागले. कॅरम, भेळ, बाकी काही ठरलेलं नसतं. पहिल्याच शनिवारी एक मुलगा सोंगटी नेम धरून मारता मारता म्हणाला, "माझी ताई माझ्या वह्या खाते." समोरचा लगेच, "माझा भाऊपण!" मग दोघं किती वेळ हसले.

गेल्या महिन्यात नऊ वर्षांची एक मुलगी सगळे गेल्यावरही मागे राहिली. तिनं विचारलं, "मावशी, तुम्हाला दादाचा अजून राग येतो?"

"येतो. कालच आला होता."

ती माझ्याजवळ सरकून बसली आणि सांगायला लागली.