‘नस दबलीय’ हे जीपीला कसं सांगायचं?

हातापायांत मुंग्या, रात्री तळव्यांची आग, अधूनमधून करंट लागल्यासारखी कळ. पुण्यात असतो तर ओळखीच्या डॉक्टरांना गाठून परवापर्यंत एनसीव्ही (मज्जातंतूंतल्या विद्युतलहरींचा वेग मोजणारी तपासणी) करून मोकळे झालो असतो. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेत न्यूरोलॉजिस्टकडे थेट जाता येत नाही. वाट जीपीच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या, दारातूनच जाते, आणि जीपीची भेट साधारण १० मिनिटांची. त्या १० मिनिटांत तुम्ही काय बोलता, त्यावर पुढचे कित्येक महिने ठरतात.

पहिली अडचण आपल्या भाषेतच आहे. बोलीभाषेत ‘नस’ आणि ‘शीर’ हे शब्द रक्तवाहिनीलाही चालतात आणि मज्जातंतूलाही. त्यामुळे घाईत ‘व्हेन’ म्हणून टाकलंत, की डॉक्टर पोटरीची सूज आणि फुगलेल्या शिरा बघत बसतात. ‘वात’ म्हटलं की गॅस समजतात. सगळ्यात घोटाळा करणारं वाक्य म्हणजे ‘पाय जड पडतात’. पायात ताकद नाही, की पायाला कळत नाही? डॉक्टरच्या लेखी या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. टाचांवर चालताच येत नसेल तर तो ‘वीकनेस’, फरशी गार आहे हे कळत नसेल तर ‘नम्बनेस’. मुंग्यांना ‘पिन्स अँड नीडल्स’ म्हणा, आग होण्याला ‘बर्निंग’. आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर वेळ घेतानाच मराठी दुभाषा मागा. त्याचे पैसे पडत नाहीत.

घरी कागदावर माणसाची साधी आकृती काढून कुठे काय होतं ते रंगवून न्या. दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होऊन मोज्यासारखं वर चढत असेल, तर मधुमेह किंवा बी-१२ ची कमतरता आधी मनात येते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि रात्री हात झटकायला लावणाऱ्या मुंग्या, म्हणजे बहुधा मनगटात दबलेला मज्जातंतू. करंगळीकडे असेल तर कोपर. एकाच पायात कंबरेपासून खाली कळ जात असेल तर मणका. पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही, ही खूण आपल्याकडे डॉक्टर हमखास विचारतात. इथे बाहेर बूट आणि घरात मोजे, त्यामुळे ती खूण लक्षातच येत नाही. तिच्याऐवजी हे बघा: बेसिनशी तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो का? शॉवरचं पाणी हाताला कढत आणि पायाला कोमट लागतं का? असं होत असेल तर तेही सांगा.

काही प्रसंगांत मात्र जीपीची वाट बघायची नाही. पाठदुखीबरोबर लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, बैठकीची जागा बधिर झाली, किंवा दिवसागणिक पायांतली ताकद जाऊन अशक्तपणा वर चढू लागला, तर सरळ ‘ए अँड ई’, म्हणजे हॉस्पिटलचा तातडीचा विभाग.

जीपी आधी रक्त तपासायला सांगतात: हिमोग्लोबिन, साखर, बी-१२, फोलेट, थायरॉइड, किडनी, लिव्हर. इथे एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी) टक्क्यांत येत नाही. ४८ आकडा दिसला तर ते आपले ६.५ टक्के, म्हणजे मधुमेहाची हद्द.

आणि इथेच आपली बॅग आड येते. गावाहून आणलेल्या मिथाइलकोबालमिनच्या, म्हणजे बी-१२ च्या, गोळ्या मुंग्या सुरू झाल्याबरोबर आपण घेऊ लागतो. महिन्याभराने रक्त दिलं की बी-१२ झकास येतं, रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापलं जातं आणि शाकाहारी माणसातलं सगळ्यात सोपं कारण यादीतून उडतं. म्हणून आधी रक्त, मग गोळी. आधीच घेत असाल तर पाकीट दाखवा, कधीपासून आणि किती तेही सांगा. मिथाइलमॅलोनिक ॲसिडच्या तपासणीने उलगडा होऊ शकतो. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर आवर्जून सांगा, त्याने बी-१२ उतरतं. नुसतं फोलिक ॲसिड सुरू करू नका. बी-१२ कमी असताना त्याने मज्जातंतूंचं नुकसान वाढू शकतं. बी-६ ची मोठी मात्रा महिनोन्‌महिने घेतली तर तिनेही मुंग्या येतात, तेव्हा दोन-तीन बी-कॉम्प्लेक्स एकदम नकोत. कमतरता सापडली आणि मज्जातंतूंवर परिणाम झालेला असला, तर १ मिलिग्रॅम हायड्रॉक्सोकोबालमिनचं इंजेक्शन दिवसाआड देतात, सुधारणा थांबेपर्यंत. त्यानंतर दर दोन महिन्यांनी.

आपली एनसीव्ही ती इथली ‘नर्व्ह कंडक्शन स्टडीज’. त्या दिवशी हातापायांना क्रीम-तेल लावू नका. पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी कळवा. जानेवारीत बसस्टॉपवर गारठलेले हात घेऊन जाल तर विद्युतलहरींचा वेग खोटाच मंद येतो, म्हणून आधी हात शेकून घेतात. हातमोजे घालूनच जा. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे ‘सगळं मनाचं आहे’ असं नव्हे. ही तपासणी फक्त जाड तंतू मोजते. आग आणि चटके नेणारे बारीक तंतू तिला दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी घोट्याच्या १० सेंटिमीटर वरून ३ मिलिमीटर कातडीचा तुकडा काढून तंतू मोजतात. ही सोय सगळीकडे नाही, पण तिचं नाव काढायला हरकत नाही: ‘स्मॉल फायबर न्यूरोपॅथी’.

आणखी एक नाव काढायला आपल्याला जड जातं. २००५ मध्ये भारतात कुष्ठरोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरला नाही असं मानलं गेलं, म्हणून तो संपला असं आपण धरून चालतो. गडचिरोली-चंद्रपूरकडे तो आजही आढळतो आणि लागण झाल्यावर लक्षणं दिसायला वर्षं जातात. कधी वीसही. फिकट किंवा लालसर, स्पर्श न कळणारा चट्टा किंवा कोपरामागे दोरीसारखा जाड झालेला तंतू असेल, तर लहानपण कुठे गेलं ते सांगा. इथल्या बहुतेक जीपींनी असा रुग्ण पाहिलेलाच नसतो. औषधाने तो पूर्ण बरा होतो. लंडनच्या हॉस्पिटल फॉर ट्रॉपिकल डिसीझेसमध्ये जाणकार डॉक्टर आहेत.

निदान लागेपर्यंत वेदनेवर ॲमिट्रिप्टिलिन देतात, बहुधा रात्री १० मिलिग्रॅमपासून. कागदावर डिप्रेशनचं नाव वाचून गोळी टाकून देऊ नका. इतक्या कमी मात्रेत ती वेदनेसाठीच असते. अशाच वेदनेवरचं प्रीगॅबालिन २०१९ पासून इथे नियंत्रित औषध आहे. भारतातून येताना बरोबर असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा.

न्यूरोलॉजिस्टला भेटल्यावर जीपीला पत्र जातं, त्याची प्रत तुम्हीही मागून घ्या आणि नीट वाचा. ‘नम्बनेस’च्या जागी ‘वीकनेस’ पडलंय का, शाकाहारी असल्याची नोंद आहे का, गोळ्यांची यादी बरोबर आहे का? चूक दिसली तर सेक्रेटरीला फोन करून दुरुस्त करून घ्या. पुढचा डॉक्टर तुमचं तोंड बघण्याआधी ते पत्र वाचतो.