पेन प्लॉटरवर ‘१५ ते ८’: ठिपक्यावर थांबायचं नाही

पेन प्लॉटर म्हणजे संगणकाच्या सांगण्यावरून कागदावर पेनाने रेघा ओढणारं यंत्र. मागच्या टप्प्यात यंत्र उभं राहिलं, या टप्प्यात त्यावर ठिपक्यांची रांगोळी उतरली. ठिपक्यांना वळसे घालत जाणारं तमिळ कोलम वेगळं. त्याचा संगणकाशी संबंधही जुना आहे, मद्रासच्या गिफ्ट सिरोमनी यांनी सत्तरच्या दशकातच कोलमचं व्याकरण मांडलं होतं. आपली रांगोळी ठिपक्याला ठिपका सरळ रेघेने जोडते, आणि प्लॉटरला खरी अडचण तिथेच येते.

‘१५ ते ८’ म्हणजे मधल्या ओळीत १५ ठिपके, मग वर आणि खाली एकेक कमी करत ८ पर्यंत. ओळी १५, ठिपके १६९. रांगोळीच्या वहीत कोपऱ्यात एवढंच लिहिलेलं असतं आणि शेजारच्या घरात तीच जाळी बिनचूक उमटते. ए४ कागदावर दोन ठिपक्यांत १२ मिमी अंतर ठेवलं की ओळींमधलं अंतर १२ × ०.८६६, म्हणजे १०.३९ मिमी येतं. पूर्ण जाळी १६८ × १४५.५ मिमी. चारही बाजूंना चांगला समास उरतो.

यंत्र साधं आहे. अर्डुइनो उनो हा छोटा नियंत्रक बोर्ड, त्यावर मोटर जोडायची सीएनसी शील्ड व्ही३, दोन नेमा १७ मोटर, त्यांना करंट देणारे ए४९८८ ड्रायव्हर, ८ मिमीचे गुळगुळीत रॉड, एलएम८यूयू बेअरिंग, जीटी२ बेल्ट आणि २० दातांच्या पुली. हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतं. खालचा पत्रा मात्र ठाण्यातच, वागळे इस्टेटमध्ये कापून घेता येतो. पत्रा लोखंडीच घ्या, कारण पुढे कागद धरायला चुंबकपट्ट्या लागणार आहेत.

मोटरच्या एका फेऱ्यात २०० पावलं, ड्रायव्हरवर १/१६ लावून प्रत्येक पावलाचे १६ भाग केले की ३,२००. पुली एका फेऱ्यात ४० मिमी बेल्ट ओढते, म्हणून जीआरबीएलमध्ये (उनोवर चालणारा, मोटर हलवणारा प्रोग्रॅम) $१०० आणि $१०१, म्हणजे दोन अक्षांवर एका मिमीला किती पावलं, दोन्ही ८०. एवढ्यावर थांबू नका. १५० मिमीची रेघ काढून स्टीलच्या पट्टीने मोजा. १४९.४ भरली तर नवा आकडा ८० × १५० ÷ १४९.४, म्हणजे ८०.३२. दोन्ही अक्ष वेगवेगळे मोजायचे. चौकोनात अर्ध्या टक्क्याचा फरक डोळ्याला कळत नाही. षटकोनी जाळीत तिरप्या रेघा ठिपक्याच्या बाजूने निसटतात आणि मग सगळं चित्र लंगडं दिसतं.

ड्रायव्हरचा करंट लावण्याआधी त्यावरचा सेन्स रेझिस्टर (करंट मोजायचा छोटा भाग) वाचा. त्यावर आर१०० असेल तर ०.७ अँपिअरसाठी व्हीरेफ (करंटची मर्यादा ठरवणारा व्होल्टेज) ०.५६ व्होल्ट, आर०५० असेल तर ०.२८. दोन्ही प्रकारचे बोर्ड बाजारात सारखेच दिसतात. चुकीचं सूत्र लावलं की एक तर मोटर पावलं गाळते, नाही तर चटका बसेल इतकी तापते.

पेन वर-खाली करायला एसजी९० सर्व्हो, म्हणजे ठरावीक कोनात वळणारी छोटी मोटर आहे. इथे दोन गोष्टींवर बरेच जण अडकतात. पहिली, मूळ जीआरबीएल १.१ चा स्पिंडल (कापणारी मोटर) चालवायचा सिग्नल सर्व्होला चालत नाही. सुमारे ५० हर्ट्झ द्यायला बदललेली आवृत्ती लागते, आणि सिग्नलची वायर शील्डवर ‘झेड’ एंडस्टॉप लिहिलेल्या पिनला जाते, कारण उनोची ११ नंबरची पिन शील्डवर तिथे काढलेली आहे. दुसरी, सर्व्होला उनोमधूनच ५ व्होल्ट दिले तर चित्र अर्ध्यावर असताना यूएसबी तुटते. सर्व्हो झटका देताना खूप करंट ओढतो आणि बोर्ड रिसेट होतो. वेगळा ५ व्होल्टचा सप्लाय द्या, ग्राउंड मात्र एकत्र जोडा.

सर्व्होने पेन दाबू नये, फक्त उचलावं. पेन खाली असताना सर्व्होचा हात आणि पेनची पट्टी यांत १ ते २ मिमी फट हवी. मग पेन स्वतःच्या वजनावर टेकतं आणि कागद थोडा वर-खाली असला तरी रेघ सारखी येते.

आता मुख्य मुद्दा. संपूर्ण जाळी म्हणजे प्रत्येक ठिपका शेजारच्या सगळ्या ठिपक्यांना जोडलेला. अशा ४६२ छोट्या रेघा होतात, एकूण लांबी ५.५४ मीटर. पहिल्या चाचणीत प्रत्येक रेघ सुटी काढली. लांबून छान दिसतं. मग १० पटींचं भिंग लावून आतला एक ठिपका पाहा. सहा रेघांची टोकं तिथे येतात, म्हणजे पेन सहा वेळा तिथे टेकलं किंवा उचललं गेलं. टेकताना आणि उचलताना पेन क्षणभर जागेवर असतं, तेवढ्यात शाई पसरते. ०.३ मिमीच्या पेनने तिथे जवळपास १ मिमीचा काटेरी डाग तयार झालेला असतो, आणि कागदाचे तंतू वर आलेले.

उपाय म्हणून सगळ्यांना आधी पेन न उचलता आकृती काढण्याचा नियम देणारा गणितज्ञ ऑयलर आठवतो. ज्या ठिपक्यांवर विषम रेघा मिळतात ते मोजायचे, त्यांच्या निम्म्या वेळा पेन टेकवलं की काम झालं. या जाळीत आतल्या ठिपक्यावर ६ रेघा, कडेच्यावर ४, फक्त सहा कोपऱ्यांवर ३. म्हणजे अवघ्या ३ सलग रेघांत सगळी जाळी पूर्ण. (पायथॉन भाषेच्या नेटवर्कएक्स लायब्ररीतलं ‘ऑयलराइझ’ इथे वापरू नका. ते काही रेघा दुसऱ्यांदा गिरवून प्रश्न सोडवतं.)

प्रत्यक्ष कागदावर मात्र हे निराश करतं. वाट ठिपक्याठिपक्यावर वळते, तीव्र कोनात वळताना जीआरबीएल वेग जवळजवळ शून्यावर आणतो आणि पुन्हा तोच डाग पडतो. पेन उचलणं कमी झालं, थांबणं नाही.

म्हणून मोजायचं वेगळं: ठिपक्यावर पेन किती वेळा थांबतं. प्रत्येक ठिपक्यावर येणाऱ्या रेघांच्या जोड्या लावायच्या. समोरासमोरच्या रेघा असतील तर दंड ०, बोथट कोनाला १, तीव्र कोनाला ३, आणि सगळ्यात कमी दंडाची जोडणी घ्यायची. पूर्ण जाळीत याचं उत्तर सरळ आहे: तीन दिशांना प्रत्येकी १५, अशा ४५ लांब रेघा. पेन ३ ऐवजी ४५ वेळा उचललं जातं, पण आतल्या प्रत्येक ठिपक्यावरून रेघ न थांबता आरपार जाते. भिंगाखाली तिथे तीन स्वच्छ रेघा एकमेकींना छेदताना दिसतात. रांगोळी काढणारा सराईत हात हेच करतो. चिमटीतली रांगोळी ठिपक्यावर अडत नाही, तीनचार ठिपके ओलांडून एका ओढीत पुढे जाते.

ही जोडणी झाल्यावर व्हीपाइपमध्ये (प्लॉटरसाठी रेघा तयार करणारा प्रोग्रॅम) ‘लाइनमर्ज’ चालवू नका. ते जवळचं टोक दिसलं की जोडून टाकतं आणि कोन परत येतात. बंद आकृत्यांची सुरुवात ठिपक्यावर नको, दोन ठिपक्यांच्या मधोमध घ्या आणि शेवटी अर्धा मिमी ओव्हरलॅप ठेवा.

रांगोळीत पाकळ्या असतील तर त्यांच्या वक्र रेघांसाठी ०.२ मिमीचे सरळ तुकडे पुरतात. ०.०५ मिमी केले तर २,००० मिमी प्रतिमिनिट वेगाला यंत्राला सेकंदाला आज्ञांच्या सुमारे ६६७ ओळी लागतात. १,१५,२०० बॉडवर (यूएसबीवरून आज्ञा पाठवायचा वेग) २० अक्षरांच्या जेमतेम ५७६ ओळी जातात. यंत्र अडखळतं आणि पाकळीची कड थरथरलेली दिसते.

काळ्यापेक्षा तपकिरी क्राफ्ट कागद चांगला वाटला. पांढऱ्या जेल पेनची रेघ त्यावर गेरूने सारवलेल्या अंगणातल्या शिरगोळ्याच्या रांगोळीच्या जवळ जाते. जेल पेनला वेग १,२०० मिमी प्रतिमिनिट ठेवा, त्यापुढे गोळी कोरडी फिरते. टेकल्यावर जी४ या थांब्याच्या आज्ञेने ०.१५ सेकंद थांबा. त्याहून कमी दिलं तर रेघ उशिरा उमटते, जास्त दिलं तर थेंब जमतो. सुरुवातीला समासात थोडं गिरबटून घ्यायचं. एका दिशेच्या १५ रेघा झाल्या की एम० या आज्ञेने विराम. ओल्या रेघेवरून गेलं की पांढरी शाई फरफटते. विरामात मोटर सैल पडू नयेत म्हणून $१ = २५५ करा, नाही तर पेन धरणाऱ्या भागाला नुसता धक्का लागला तरी पुढची दिशा सरकते. ठिपके सगळ्यात शेवटी, ०.८ मिमीच्या वर्तुळांनी.

ठाण्याच्या पावसाळ्यात कागदच सगळ्यात जास्त त्रास देतो. पाकिटातून काढून लगेच चिकटवलेला कागद तासाभरात दमट हवा पितो, मध्ये फुगतो आणि निब त्या फुगवट्यावर घासते. कागद आधी तासभर त्याच खोलीत मोकळा ठेवा, मग दोन लांब बाजूंना चुंबकपट्ट्या लावा. चार कोपऱ्यांना टेप लावला की फुगवट्याला जायला जागाच उरत नाही. उरलेला गठ्ठा सिलिका जेलसह बंद पिशवीत.

१९६५ मध्ये जर्मनीत स्टटगार्टला गेओर्ग नेस आणि फ्रीडर नाके या संगणककलेतल्या सुरुवातीच्या कलाकारांची प्लॉटरवरची चित्रं प्रदर्शनात लागली, तेव्हा लोकांनी कागद पाहिला. आज आपण एकमेकांना वेगाने पळवलेले व्हिडिओ दाखवतो. पेन नाचताना सुंदर दिसतं, पण डाग त्यात दिसत नाही. व्हिडिओसोबत एका ठिपक्याचा जवळून काढलेला फोटो, पेन, कागद, वेग आणि थांब्याचा आकडा टाकावा, रेघांची एसव्हीजी फाइल सगळ्यांना द्यावी. रांगोळीच्या वह्या अशाच घरोघरी फिरल्या, नमुना कुणी लपवून ठेवला नाही.

पुढचं काम ‘२१ ते ११’, ठिपके ३३१. १२ मिमी अंतराने ही जाळी २४० मिमी रुंद होते, म्हणजे ए३ कागद आणि लांब रॉड. ९ मिमीवर आणली तर १८० मिमीत, याच यंत्रावर बसते. आधी तीच ०.१ मिमीच्या पेनने काढून पाहायची आहे.