रुळांखालची वाट

रेल्वेला चढ सोसत नाही. माणूस टेकडी चढून जातो, गाडी टेकडी कापून जाते. खोलगट जागा आली की भराव घालते. शंभर मीटर पुढे जाताना मीटर-दोन मीटरपेक्षा जास्त वर चढणार नाही, असा तिचा हट्ट असतो. म्हणून बंद पडलेल्या रेल्वेमार्गासारखी गुडघ्यांना मानवणारी दुसरी वाट नाही. हा शोध माझ्या आईचा. सहा महिन्यांसाठी इकडे आली की साडीखाली पांढरे बूट घालून ती सकाळीच बाहेर पडते. वाटेत तिला तिच्याच वयाची तेलुगू, गुजराती, मराठी मंडळी भेटतात. कुणाची सून काय म्हणाली इथपासून कुठल्या दुकानात मेथी चांगली मिळते इथपर्यंत सगळं बोलणं त्या सपाट वाटेवर होतं. धाप लागत नाही, त्यामुळे बोलणं थांबतही नाही.

ही वाट म्हणजे शिकागोच्या पश्चिम उपनगरांतून जाणारा इलिनॉय प्रेअरी पाथ. लांबी सुमारे शंभर किलोमीटर, वर चुनखडीची बारीक खडी. शहराकडून येते, एल्महर्स्ट, व्हिला पार्क, लोम्बार्ड, ग्लेन एलिन करत व्हीटनला पोहोचते आणि तिथे फुटते. एक फाटा एल्जिनकडे, एक ऑरोराकडे. व्हिला पार्कात जुनं स्टेशन अजून उभं आहे आणि जवळच ओव्हल्टीनचा जुना कारखाना. त्यात आता लोक राहतात. लहानपणी आमच्याकडे बोर्नव्हिटाचा पक्ष होता, तरीही त्या इमारतीजवळ गेलं की मला दुधाची आठवण येतेच.

इथून पूर्वी शिकागो, ऑरोरा अँड एल्जिन कंपनीची विजेवरची गाडी धावायची. 1902 साली सुरू झाली. उपनगरातली माणसं ती पकडून थेट शहराच्या मध्यभागी उतरायची. मग शिकागोत एक्स्प्रेसवे बांधायला घेतला, त्याने या गाडीचा शहरात शिरायचा मार्ग तोडला आणि 1953 पासून ती फॉरेस्ट पार्कलाच थांबू लागली. पुढे गाडी बदला. ज्याला रोज गाडी बदलावी लागते तो एक दिवस मोटार घेतो. प्रवासी आटले, कंपनी तोट्यात गेली.

शेवट मात्र असा झाला की अजून लोक तो सांगतात. 3 जुलै 1957. कंपनी गाडी बंद करायची परवानगी मागत कोर्टात गेली होती. दुपारी बारा वाजून गेल्यावर परवानगी मिळाली आणि कंपनीने तत्क्षणी गाड्या थांबवल्या. सकाळी याच गाडीने कामाला गेलेली माणसं शहरातच राहिली. समजा, सकाळी डोंबिवलीहून गाडी पकडून तुम्ही व्हीटीला उतरलात आणि डबा खाताना कळलं की लोकल आजपासून कायमची बंद, घरी कसं जायचं ते तुमचं तुम्ही बघा. मुंबईत डबे पेटले असते. इथे दुसऱ्या दिवशी 4 जुलैची, म्हणजे स्वातंत्र्यदिनाची सुट्टी होती, लोकांनी फटाके उडवले असावेत. पुढे दोन वर्षांत मालगाड्याही थांबल्या.

मग ती लांबलचक चिंचोळी पट्टी नुसती पडून राहिली. इथे मे थीलगार्ड वॉट्स या बाईंचा प्रवेश होतो. त्या मॉर्टन आर्बोरेटम या वृक्षोद्यानात वर्षानुवर्षं लोकांना झाडं-फुलं शिकवत होत्या. सत्तरीच्या बाईंनी 1963 च्या सप्टेंबरात ‘शिकागो ट्रिब्यून’ला एक पत्र लिहिलं. आपल्याकडे वाचकांच्या पत्रव्यवहारात येतात तसलं तक्रारीचं नव्हे. आशय असा: आपण माणसं आहोत, दोन पायांवर ताठ चालता येतं आपल्याला, आपल्याला पायवाट हवी. त्यांनी न झालेल्या वाटेवरचा शरद ऋतूतला फेरफटका वर्णन करून सांगितला, आणि शेवटी बजावलं की या जागेवर पुष्कळांचे हात शिवशिवतायत, बुलडोझरच्या तोंडाला पाणी सुटलंय. बुलडोझरची लाळ मराठीतही इतकी सहज गळेल असं मला वाटलं नव्हतं.

पत्राने वाट होत नाही. पत्रानंतर कामाला लागलेल्या मंडळींत बायका पुष्कळ होत्या. त्या पट्टीवरून चालल्या, क्लबांत आणि शाळांत स्लाइड दाखवत फिरल्या, झुडपं तोडली, पाट्या लावल्या. जिकडेतिकडे तेच ते पुन्हा सांगितलं असणार, कारण नगरपालिकेला अशी पट्टी दिसली की आधी पार्किंग आठवतं. 1965 मध्ये त्यांनी संस्था नोंदवली, 1966 मध्ये डुपेज काउंटीकडून जागा भाडेपट्ट्याने मिळवली. 1971 मध्ये वाटेला राष्ट्रीय दर्जा मिळाला. श्रमदान अजून संपलेलं नाही. व्हीटनमध्ये चालू रेल्वेच्या रुळांवरून वाट नेणाऱ्या पुलाचं नावच व्हॉलंटिअर ब्रिज आहे. एरवी पुलाला आमदाराचं नाव द्यायची आपली पद्धत. त्यामानाने हे नाव मला आवडतं.

नावातली प्रेअरीही खरी आहे. इलिनॉयमध्ये एके काळी सुमारे 2 कोटी 20 लाख एकर गवताळ रान होतं. जॉन डियरने 1837 मध्ये याच राज्यात पोलादी नांगर केला आणि ती चिकट काळी माती उलथली जाऊ लागली. मूळ रानातलं जसंच्या तसं राहिलेलं आता हजारात एक भागही नाही. जे उरलं त्यातलं काही दफनभूमीत, काही रेल्वेच्या कडेला, कारण तिथे नांगर फिरला नाही. रेल्वेनेच शेतकरी आणले, धान्य नेलं, गवत संपवलं, आणि तिच्याच हद्दीत ते चोरून वाढत राहिलं. ऑगस्टमध्ये बिग ब्लूस्टेम नावाचं गवत आईच्या डोक्याच्याही वर जातं. ती त्याला ‘बांबूच आहे मेला’ म्हणते.

बाबांना गवतात रस नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “रूळ कुठे गेले? भंगारात?” बाबा मूर्तिजापूरचे. यवतमाळ ते अचलपूर धावणारी शकुंतला ही त्यांच्या लहानपणाची गाडी, आणि ती बंद पडल्याचं दुःख त्यांना अजून आहे. मी सहज म्हणालो, तिथेही अशी वाट करता येईल. ते चिडले. “तिथल्या लोकांना गाडी पाहिजे. कापूस घेऊन चालत जायचं का?” त्यांचं बरोबर आहे. फिरायला वाट हवी असं ज्याला वाटतं, त्याची तालुक्याला जायची सोय आधीच झालेली असते.

अमेरिकेनेही 1983 मध्ये कायद्यात तरतूद केली की बंद मार्ग तुकडे करून विकण्याऐवजी वाट म्हणून वापरता यावा. पुढे रेल्वेला गरज पडली तर जागा परत. आमची वाट या कायद्याच्या कितीतरी आधीची, पण बाबांना हे कलम फार आवडलं.

परवा त्याच एक्स्प्रेसवेवर संध्याकाळी अडकलो होतो. महामार्गाच्या मधल्या रुळांवरून ब्लू लाइनची मेट्रो सरसर पुढे गेली.

“ही आपल्याकडे येते का?” बाबा.

“नाही, फॉरेस्ट पार्कला संपते.”

“मग पुढचा भराव तर तयारच आहे की.”

मागच्या सीटवरून आई म्हणाली, “अहो, आणि आम्ही चालायचं कुठे?”