दोन-चार-अठ्ठावन्न

माझा भाचा बॉस्टनला शिकायला आल्यापासून आमच्या रविवारच्या जेवणात एक वाद ठरलेला आहे. वरणभात वाढून होईपर्यंत तो कसाबसा दम धरतो आणि मग म्हणतो, "मावशी, रायन हॉलवर अन्याय झालाय हे तू कधी मान्य करणार?"

ज्यांना संदर्भ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एप्रिल २०११ मध्ये रायन हॉल बॉस्टन मॅरेथॉन २ तास ४ मिनिटं ५८ सेकंदांत धावला. तोवर एकाही अमेरिकन धावपटूने ४२.१९५ किलोमीटर इतक्या लवकर संपवले नव्हते. तरीही अमेरिकेचा विक्रम म्हणून नोंदीत राहिली ती खालिद खनूचीची २:०५:३८ ही वेळ, लंडन २००२ ची. भाच्याला हे पचत नाही. "चाळीस सेकंद आधी पोचलेला माणूस मागे कसा? घड्याळ खोटं बोलतं का?"

घड्याळ खोटं बोलत नाही. त्या दिवशी मी स्वतः रस्त्याच्या कडेला उभी होते. आमचं घर अ‍ॅशलंडमध्ये, मॅरेथॉनच्या रस्त्यापासून चालत दहा मिनिटांवर. सकाळपासून पश्चिमेचा वारा सुटला होता आणि मुलांच्या हातातले कागदी झेंडे एकजात बॉस्टनच्या दिशेने ताठ झाले होते. पुढचा घोळका समोरून गेला तो जेमतेम सात-आठ सेकंद दिसला. इतक्या जवळून गेले की बुटांचा आवाज ऐकू आला, श्वासाचा मात्र नाही. हॉल त्या शर्यतीत चौथा आला. पहिला आलेला जेफ्री मुताई २:०३:०२ मध्ये धावला. तेव्हाचा जागतिक विक्रम होता इथिओपियाच्या गेब्रसेलासीचा बर्लिनमधला, २:०३:५९. मुताईने तो जवळजवळ एका मिनिटाने मागे टाकला, पण त्याचीही वेळ विक्रम म्हणून धरली गेली नाही. म्हणजे वागणूक सगळ्यांना सारखीच मिळाली.

वेळ विक्रम म्हणून धरायची तर रस्त्यासाठी नियम दोन आहेत. सुरुवात आणि शेवट यांच्यातलं सरळ रेषेतलं अंतर शर्यतीच्या लांबीच्या निम्म्याहून जास्त नको. आणि रस्त्याचा एकूण उतार दर किलोमीटरला सरासरी एक मीटरपेक्षा जास्त नको. बॉस्टनचा रस्ता हॉपकिंटनहून निघतो आणि पूर्वेकडे जात जात सुमारे १४० मीटर खाली उतरतो. दर किलोमीटरला तीन मीटरहून जास्त. तो दोन्ही नियमांत बसत नाही.

"आणि न्यूटनच्या चढणी? हार्टब्रेक हिल? त्या कोण मोजणार?" भाचा विचारतो. तो तिथे सरावाला जातो, त्यामुळे त्याच्या पोटऱ्यांना त्या चढणी ठाऊक आहेत. हा मुद्दा मी कधीच उडवून लावत नाही. बॉस्टनचा रस्ता सोपा मुळीच नाही. सुरुवातीचे उतार मांड्या कुटून काढतात आणि बत्तिसाव्या किलोमीटरला, अंगात काही उरलेलं नसताना, चढण समोर येते. बहुतेक वर्षी इथल्या वेळा सपाट शर्यतींपेक्षा मंदच असतात. पण जिथून निघालो तिथेच परत येणाऱ्या रस्त्यावर वारा जे देतो ते परत वसूल करतो. सरळ रस्त्यावर तो नुसता देतच राहतो. २०११ ला त्याने दिलं. हॉलला दिलं, मुताईलाही दिलं.

मी या बाबतीत एवढी ठाम का, याला घरची पार्श्वभूमी आहे. माझे वडील भूकरमापक होते. सातारा जिल्ह्यात त्यांनी आयुष्यभर शेतं मोजली. घरी त्यांची जुनी साखळी होती, तेहतीस फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. बांधाच्या भांडणात दोन्ही घरं त्यांच्यापुढे आपापली कष्टाची कहाणी मांडायची. कुणी विहीर खणलेली, कुणी दगड वेचून माळ कसलेला. नाना सगळं ऐकून घ्यायचे, चहा प्यायचे आणि म्हणायचे, "पीक कुणी चांगलं काढलं ते साखळी सांगत नाही. हद्द कुठे आहे तेवढंच सांगते." मला विक्रमांची वही तशीच वाटते. तिच्यात हॉलचे कष्ट कमी लेखलेले नाहीत. दुसऱ्या शहरात, दुसऱ्या वर्षी धावणाऱ्याला तीच हद्द मिळेल, एवढी हमी तिच्यात आहे.

हे मी शहाणपणाने आधीच ओळखलं होतं असं नाही. २००९ मध्ये जवळच्या एका गावात मी अर्धमॅरेथॉन धावले. १:५८:५०. दोन तासांच्या आत पहिल्यांदाच. त्या रात्री साताऱ्याला फोन करून आईला उठवलं होतं. तीन आठवड्यांनी आयोजकांचं पत्र आलं. माघारी वळायच्या जागेचा शंकू चुकीच्या खांबापाशी ठेवला गेला होता, अंतर साडेचारशे मीटरने कमी भरलं होतं. माझ्या गतीने हिशोब केला तर खरी वेळ दोन तास एक मिनिटापलीकडे जाते. मी ते पत्र स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलं आणि बराच वेळ गॅस चालूच राहिला. पुढच्या वर्षी मी रस्ते मोजायला शिकले.

त्यामुळे अमेरिकन धावपटू अल्बर्टो सॅलझारची १९८१ ची गोष्ट मला फार जवळची वाटते. न्यूयॉर्क मॅरेथॉन, २:०८:१३, नवा जागतिक विक्रम! त्याआधीची वेळ डेरेक क्लेटनची, २:०८:३४, अँटवर्प १९६९. आणि तो रस्ता पुरेसा लांब होता का याबद्दल जाणकारांना आजही शंका आहे. बारा वर्षं न मोडलेला आकडा मोडला म्हणून अमेरिका हरखून गेली. काही वर्षांनी न्यूयॉर्कचा रस्ता पुन्हा मोजला तेव्हा तो सुमारे १४८ मीटर कमी निघाला. सॅलझारच्या गतीने ते सत्तावीस सेकंद होतात. म्हणजे पूर्ण अंतर धावला असता तर २:०८:४० च्या आसपास. विक्रम गेला, आणि त्याच डिसेंबरात फुकुओकाला २:०८:१८ मध्ये धावलेल्या रॉब डी कॅस्टेलाकडे आला. त्याला तोवर कुणी विक्रमवीर म्हटलं नव्हतं, कारण कागदावर तो पाच सेकंद मागे होता. अन्याय शोधायचाच तर मला तो इथे दिसतो. सॅलझारचाही यात काही दोष नव्हता. आखून दिलेला रस्ता तो जीव ओतून धावला. (प्रशिक्षक म्हणून त्याने पुढे जे केलं आणि २०१९ मध्ये उत्तेजकविरोधी नियम मोडल्याबद्दल त्याच्यावर जी बंदी आली, त्याबद्दल माझं मत कडू आहे. पण त्या १४८ मीटरांशी त्याचा संबंध नाही.)

आमच्या बॉस्टनचंही असंच झालं होतं. १८९७ मध्ये ही शर्यत आमच्या अ‍ॅशलंडहून सुटायची. पूर्ण मॅरेथॉनचं अंतर भरावं म्हणून १९२४ मध्ये सुरुवात मागे हॉपकिंटनला नेली. पुढे १९५० च्या दशकात रस्त्यांची कामं झाली, वळणं सरळ झाली आणि जवळपास एक किलोमीटर कधी गळून पडला ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. १९५६ मध्ये फिनलंडचा व्हिस्करी २:१४:१४ मध्ये पहिला आला तेव्हा लोकांना संशय आला आणि टेप बाहेर निघाली. पुढच्या वर्षी पूर्ण अंतरावर अमेरिकेचा जॉन केली २:२०:०५ मध्ये जिंकला. आकडा मोठा, पण खरा.

अमेरिकेत रस्ते नीट मोजायची शिस्त लावली ती टेड कॉर्बिटने. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन धावलेला, पेशाने फिजिओथेरपिस्ट. १९६४ मध्ये त्याने यावर एक पुस्तिका लिहिली आणि सायकलने मोजायची पद्धत इथे रुजवली. आजही आम्ही तसंच मोजतो. आधी सरळ रस्त्यावर पोलादी टेपने तीनशे मीटर आखून घ्यायचे, ठरावीक ताण देऊन आणि हवेचं तापमान लिहून, कारण पोलाद उन्हाने वाढतं. दोन्ही टोकांना खिळे ठोकायचे. सायकलच्या पुढच्या चाकाला एक मोजणीयंत्र असतं. त्या तीनशे मीटरवरून चार वेळा जायचं, आकडे लिहायचे. मग शर्यतीचा रस्ता मोजायचा, कडेपासून तीस सेंटिमीटरवरून, प्रत्येक वळण जितकं आतून घेता येईल तितकं घेत, कारण धावणारे तसंच घेतात. परत येऊन पुन्हा चार वेळा, कारण एव्हाना टायर तापून फुगलेलं असतं. आणि शेवटी हजारात एक इतकं अंतर मुद्दाम वाढवायचं. मॅरेथॉनला बेचाळीस मीटर. चूक झालीच तर लांबीच्या बाजूने व्हावी म्हणून.

आता खनूचीबद्दल, कारण या वादात त्याचं नाव नेहमी घाईघाईत उरकलं जातं. लंडन २००२ ची ती शर्यत मी अनेकदा पाहिली आहे. त्याने केनियाचा तेरगात आणि गेब्रसेलासी या दोघांना एकाच दिवशी हरवलं आणि स्वतःचाच जागतिक विक्रम मोडला. तो जन्माने मोरोक्कोचा. २००० मध्ये अमेरिकेचा नागरिक झाला. हॉलबद्दल बोलताना "अमेरिकेत जन्मलेल्यांत सर्वांत वेगवान" असे शब्द वारंवार कानावर यायचे आणि ते मला टोचायचे. मीही इथे शपथ घेऊन नागरिक झाले आहे. त्या सभागृहात उजवा हात वर करून उभं राहिल्यावर आपल्या नावापुढे कुणी बारीक अक्षरात टीप लावू नये असं वाटतं. तेवीस वर्षं अमेरिकेचा विक्रम त्या माणसाचा होता. बस्स.

१२ ऑक्टोबर २०२५ ला आम्ही दोघं टीव्हीसमोर बसलो होतो. शिकागोचा रस्ता सपाट, ग्रँट पार्कात सुरू होऊन ग्रँट पार्कातच संपणारा, दोन्ही नियमांत बसणारा. जेकब किप्लिमो पुढे निघून गेला होता. आमचं लक्ष मागे, अमेरिकेच्या कॉनर मँट्झकडे. जानेवारीत ह्यूस्टनला त्याने हॉलचाच अर्धमॅरेथॉनचा विक्रम मोडला होता, २००७ चा ५९:४३, मँट्झचा ५९:१७. शिकागोला तो २:०४:४३ मध्ये चौथा आला. खनूची मागे, आणि हॉलची ती नोंदीबाहेरची वेळही पंधरा सेकंदांनी मागे. भाचा उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला. "संपला ना वाद?" मी विचारलं. तो म्हणाला, "नाही. आता बूट."

आणि बुटांचा प्रश्न खरंच जड आहे. खनूची पातळ तळव्याच्या बुटात धावला होता. २०१७ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातल्या अभ्यासात नव्या, जाड फोमच्या आणि आत कार्बनची पट्टी असलेल्या बुटांनी सरासरी चार टक्के ऊर्जा वाचते असं दिसलं. २०२० पासून तळवा जास्तीत जास्त चाळीस मिलिमीटर आणि पट्टी एकच, अशी मर्यादा आली. मग मँट्झ खरंच खनूचीपेक्षा वेगवान का? मला वाटतं, याचं उत्तर टेपने मिळणार नाही. एकाच वर्षी एकाच रेषेवर उभ्या राहिलेल्या सगळ्यांना तेच बूट मिळत असतील तर शर्यत न्याय्य आहे. पण दोन पिढ्यांची तुलना करताना आकड्याशेजारी वर्ष मोठ्याने वाचावं. जिम रायन १९६७ मध्ये बेकर्सफिल्डला मातीच्या ट्रॅकवर मैल ३:५१.१ मध्ये धावला, हे वाक्य वर्षाशिवाय बोलूच नये.

"वेगवान ट्रॅक" हा आरोप मात्र मला मान्य नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या ग्रँट फिशरने सहा दिवसांत दोन जागतिक इनडोअर विक्रम केले: न्यूयॉर्कला ३००० मीटर ७:२२.९१ आणि इथे बॉस्टन विद्यापीठाच्या ट्रॅकवर ५००० मीटर १२:४४.०९. दुसरा विक्रम त्याआधी इथिओपियाच्या बेकेलेचा होता, २००४ चा. लगेच सूर निघाला की हा ट्रॅकच तसा आहे. त्याच ट्रॅकवर आठवड्याने आपला गुलवीर सिंग १२:५९.७७ धावला, तेव्हा आम्ही दोघांनी टाळ्या वाजवून हात लाल करून घेतले. आणि बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे? मे २०२२ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन हुआन कॅपिस्ट्रानोला त्याने ५००० मीटर १३:२५.६५ मध्ये धावून बहादूर प्रसाद यांचा तीस वर्षांचा भारतीय विक्रम मोडला. दोनच महिने आधी तिथेच फिशर १०,००० मीटर २६:३३.८४ मध्ये धावला होता. चारशे मीटरची फेरी चारशेचीच असते. चांगल्या हवेत, चांगल्या सोबतीत धावायला जाणं यात लबाडी कसली?

गेल्या महिन्यात आमच्या गावातल्या पाच किलोमीटरच्या शर्यतीचा रस्ता मी पुन्हा मोजला. शाळेच्या मदतीसाठी दरवर्षी ती शर्यत होते. भाचा टेपचं दुसरं टोक धरायला आला होता. पहाटे साडेपाच, रस्ता रिकामा, बोटं गारठलेली. वाचनालयाजवळच्या वळणावरचा दुभाजक दोन वर्षांपूर्वी काढून टाकला आहे आणि तेव्हापासून वळण आतून कापता येतं. दोनदा मोजलं. दोन्ही वेळा पूर्ण पाच किलोमीटरला अकरा मीटर कमी.

गेल्या वर्षी भाचा याच रस्त्यावर १५:५८.६ धावला होता. सोळा मिनिटांच्या आत, आयुष्यात एकदाच.

त्याने मला काही विचारलं नाही. फोन काढून हिशोब केला, स्क्रीन माझ्यापुढे धरली. १६:००.७. मग टेप घेऊन सुरुवातीच्या खुणेपासून मागे चालत गेला, अकरा मीटरवर वाकला आणि पाठ माझ्याकडे असतानाच म्हणाला, "मावशी, हातोडी दे."