इंदूर ते सॅन फ्रान्सिस्को: किलोमीटर बघू नका, थांबे बघा

इंदूर ते सॅन फ्रान्सिस्को हवाई अंतर सुमारे १३,००० किलोमीटर. ताशी ९०० चा वेग धरला की साडेचौदा तास, असा हिशोब नेटवर लगेच मिळतो. आमच्या ह्यांनी तो कागदावर लिहूनही ठेवला होता. पण रामबागेतल्या घराला कुलूप लावल्यापासून लेकीच्या दारात पोहोचेपर्यंत एक दिवस आणि एक रात्र सहज गेली.

आपल्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावरून अमेरिकेला थेट विमान नाही. दिल्ली, मुंबई किंवा आखातातलं एखादं शहर गाठावंच लागतं. यात दिल्ली जवळजवळ सरळ वाटेवर पडते. मुंबईमार्गे हजारेक किलोमीटर वाढतात, दुबईमार्गे दोनेक हजार. सपाट नकाशावर हे पटत नाही; घरात पृथ्वीचा गोल असेल तर दोरा ताणून बघा. सगळ्यांत जवळची वाट रशियावरून उत्तरेला पार ७५ अक्षांशापर्यंत चढते आणि अलास्काकडून खाली येते.

विमान त्याच वाटेने जाईल असं मात्र नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्लीहून प्रशांत महासागरावरून विमान नेलं. अंतर १५,३०० किलोमीटर, वेळ साडेचौदा तास! अटलांटिकची वाट चौदाशे किलोमीटरने कमी, तरी तिला जवळजवळ दोन तास जास्त लागायचे. पूर्वेला जाताना वारा पाठीशी असतो, एवढंच कारण. उलट एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि दिल्लीहून पश्चिमेकडे जाणारी विमानं वळसा घालू लागली. म्हणून कुणाचा जुना अनुभव ऐकून वेळ धरू नका. मध्ये इंधनासाठी थांबा आहे का, तेही तिकीट काढतानाच विचारा.

खरी कसोटी दिल्लीत. इंदूरहून तिथे दीड तासात पोहोचतो, पण देशातलं विमान टर्मिनल एकवर उतरलं आणि पुढचं तीनवरून असलं, तर बाहेर पडून रस्त्याने जावं लागतं. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर घ्या. पहिलं विमान लांबलं तर पुढची सोय कंपनीला करावी लागते, आणि सामान पुढपर्यंत जाईल का हे इंदूरलाच विचारता येतं. वेगळी तिकिटं म्हणजे बॅगा घ्या, पुन्हा द्या, आणि विमान चुकलं तर आपलं आपण बघा. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं सकाळची विमानं अडकवतं, तेव्हा आदल्या संध्याकाळीच जाऊन राहावं. हॉटेलचे पैसे जातात, जाऊ देत.

गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर तिकिटासोबतच मागा, लाजू नका. रांगेतली खुर्ची चालायच्या वाटेकडची घ्या. सोळा तासांत खिडकीतून ढगांशिवाय फारसं काही दिसत नाही. शेव-चिवडा नेला तर चालतो, फळं नको. खाण्याचं काय आहे ते अधिकाऱ्याने विचारलं की सरळ सांगायचं.

तिकडचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेबारा तास मागे, हिवाळ्यात साडेतेरा. त्यामुळे निघायची आणि पोहोचायची तारीख बहुधा एकच छापलेली दिसते. न्यायला येणाऱ्यांना तिथली तारीख आणि तिथलीच वेळ कळवा. कुणी येणार नसेल, तर विमानतळावरूनच बार्टची रेल्वे शहरात जाते.